वर्ण आणि वित्त : कारणांच्या वादात अडकलेली विषमता

अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय कुटुंबांच्या आर्थिक स्थितीत मोठी दरी आहे, याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते कारणांबद्दल. हा वाद साठ वर्षे सुरू आहे आणि त्यातून निघणाऱ्या उत्तरावर कायदे, अंदाजपत्रके आणि कोट्यवधी माणसांचे भवितव्य ठरत आहे.

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २१ जानेवारी २०२५ रोजी एका आदेशावर स्वाक्षरी करून, लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये काढलेला ११२४६ क्रमांकाचा आदेश रद्द केला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरभरतीत वर्णभेद करू नये, इतकेच नव्हे तर समान संधीसाठी सक्रिय प्रयत्न करावेत, असे बंधन जॉन्सन यांच्या आदेशाने घातले होते. त्यापूर्वी जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात, प्रवेश देताना अर्जदाराचा वर्ण विचारात घेण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली होती. या दोन निर्णयांनी ज्याला अमेरिकेत ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ म्हणतात, त्या धोरणाचे दोन प्रमुख आधारस्तंभ कोसळले.

या निर्णयांच्या समर्थनार्थ आणि विरोधात जे लिहिले व बोलले गेले, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता. गुलामगिरी संपून दीडशेहून अधिक वर्षे लोटली, नागरी हक्कांचे कायदे होऊन साठ वर्षे झाली. तरीही कृष्णवर्णीय समाज आर्थिकदृष्ट्या मागे का? एका बाजूचे उत्तर : भेदभाव, पूर्वीचा आणि आजचाही. दुसऱ्या बाजूचे उत्तर : विस्कळीत कुटुंबव्यवस्था, शिक्षणाकडे दुर्लक्ष, सरकारी मदतीवरचे अवलंबन. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत, दोन्ही बाजूंकडे नामवंत अभ्यासक आहेत. तरीही वाद पुढे सरकत नाही. तो का सरकत नाही, हे समजून घ्यायचे तर आधी दरीचे मोजमाप पाहिले पाहिजे.

एकच आकडा, दोन अर्थ

अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीनुसार श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४ हजार ९०० डॉलर. म्हणजे एकास सहा असे प्रमाण. उत्पन्नातील अंतर मात्र याहून बरेच कमी आहे. जनगणना विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये श्वेतवर्णीय कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न सुमारे ८९ हजार डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाचे सुमारे ५६ हजार ५०० डॉलर होते.

हेच आकडे कसे वाचले जातात पाहा. २०१९ मध्ये संपत्तीचे प्रमाण एकास जवळपास आठ होते, ते २०२२ मध्ये एकास सहावर आले. म्हणून दरी कमी होत आहे, असे एक भाष्यकार म्हणू शकतो. त्याच तीन वर्षांत दोन्ही मध्यकांमधील अंतर, महागाईचा हिशेब करूनही, सुमारे १ लाख ९० हजार डॉलरवरून २ लाख ४० हजारांवर गेले. म्हणून दरी रुंदावत आहे, असे दुसरा म्हणू शकतो. दोघेही खरे बोलत असतात. दारिद्र्याचेही तसेच. १९५९ मध्ये कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली होते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण १७-१८ टक्क्यांवर आले आहे. याला प्रगती म्हणायचे की अपयश, हे तुलना कशाशी करायची यावर अवलंबून राहते.

मोयनिहान अहवालाची सावली

या वादाला आजचे रूप आले ते १९६५ मध्ये. कामगार खात्यातील सहायक सचिव डॅनियल पॅट्रिक मोयनिहान यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांच्या स्थितीविषयी एक अहवाल लिहिला. त्या समाजात विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण सुमारे २४ टक्के झाले असून कुटुंबसंस्था ढासळत आहे, आणि केवळ कायद्याने समान हक्क देऊन विषमता मिटणार नाही, असा त्यांचा इशारा होता. मोयनिहान स्वतः उदारमतवादी होते. कुटुंबाच्या दुरवस्थेचे मूळ त्यांनी गुलामगिरी आणि पुरुषांची बेरोजगारी यांतच शोधले होते, आणि त्यांना सरकारकडून अधिक कृती हवी होती. परंतु अहवाल बाहेर येताच त्यातला ‘कुटुंब’ हा शब्द उरला आणि ‘बेरोजगारी’ हा शब्द गळून पडला. पीडितालाच दोष दिला जात आहे, अशी टीका झाली. विल्यम रायन यांनी १९७१ मध्ये त्याच आशयाचे पुस्तक लिहिले आणि तो वाक्प्रचार इंग्रजीत कायमचा रूढ झाला.

या वादळाचा परिणाम असा झाला की, पुढची काही वर्षे उदारमतवादी अभ्यासकांनी कुटुंबाच्या प्रश्नाला हात लावणे टाळले. ती पोकळी दुसऱ्या बाजूने भरून काढली. चार्ल्स मरे यांनी १९८४ मध्ये ‘लूझिंग ग्राउंड’ या पुस्तकात, सरकारी मदतीनेच गरिबांना काम आणि विवाह यांपासून परावृत्त केले, असा सिद्धान्त मांडला. दहा वर्षांनी ‘द बेल कर्व्ह’मध्ये त्यांनी आणि रिचर्ड हर्नस्टाइन यांनी बुद्ध्यंकाचा मुद्दा आणून वादाला विखारी वळण दिले.

या दोन टोकांच्या मध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन उभे राहिले. ते स्वतः कृष्णवर्णीय. शिकागोतील वस्त्यांचा अभ्यास करून त्यांनी १९८७ आणि १९९६ मधील पुस्तकांत दाखवून दिले की, कारखाने बंद पडले किंवा शहराबाहेर गेले, सुस्थितीतील कृष्णवर्णीय कुटुंबे वस्ती सोडून गेली, आणि मागे राहिलेल्या वस्तीत कामच उरले नाही. काम गेल्यावर विवाह मागे पडले. म्हणजे ज्याला ‘संस्कृती’ म्हटले जाते, ती अर्थव्यवस्थेतील बदलांचा परिणाम होती. आणि एकदा रुजल्यावर तीच पुढच्या पिढीच्या वाटेतील अडसर ठरली. कारण आणि परिणाम येथे जागा बदलतात, हे विल्सन यांचे म्हणणे दोन्ही बाजूंना गैरसोयीचे होते.

मोयनिहान यांच्या आकड्याचा उत्तरार्ध तर क्वचितच सांगितला जातो. त्या काळी श्वेतवर्णीयांमध्ये विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. आज ते पाव हिश्शाहून अधिक झाले आहे, म्हणजे १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांमधील ज्या प्रमाणाने वॉशिंग्टन हादरले होते, त्याहूनही जास्त. कृष्णवर्णीयांमध्ये ते ७० टक्क्यांच्या घरात आहे. हे केवळ एका वर्णाच्या संस्कृतीचे लक्षण असते, तर कारखाने गमावलेल्या श्वेतवर्णीय गावांत तेच चित्र दिसले नसते.

संपत्तीला इतिहास असतो

वादातील सर्वांत मोठा घोळ उत्पन्न आणि संपत्ती या दोन गोष्टी एकच मानण्यातून होतो. उत्पन्न बव्हंशी आजच्या कामातून येते. संपत्ती मात्र साठत जाते, वारशाने मिळते आणि स्वतःच वाढते. म्हणून संपत्तीच्या दरीची चर्चा इतिहासाशिवाय होऊच शकत नाही.

तो इतिहास दूरचा नाही. १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी मुक्त झालेल्या गुलामांना किनारपट्टीवरील जमीन देण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत दिली. मुक्त गुलामांच्या ठेवींसाठी स्थापन झालेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली आणि हजारो ठेवीदारांची पुंजी गेली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळण्यात आले. त्या काळी बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन व्यवसायांत होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जांना सरकारी हमी दिली, पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘जोखमीच्या’ ठरवून त्या हमीबाहेर ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घर आणि शिक्षण यांसाठी साह्य देणारा १९४४ चा कायदा कागदावर सर्वांसाठी होता. अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या आणि बँकांच्या हाती असल्याने दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. अमेरिकी मध्यमवर्ग ज्या घरांच्या किमतींवर उभा राहिला, त्या घरांच्या दारातून एक समाज सरकारी धोरणानेच बाहेर ठेवला गेला. गृहनिर्माणातील भेदभावाला बंदी करणारा कायदा १९६८ मध्ये झाला. त्या वर्षी तिशीत असलेल्यांची मुले आज निवृत्तीच्या वयाची आहेत. हा काळ इतका जवळचा आहे.

एलोरा डेरेनॉनकोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६० पासून २०२० पर्यंतच्या दरडोई संपत्तीचा हिशेब मांडला आहे. १८६० मध्ये हे प्रमाण एकास सुमारे साठ होते, १९२० पर्यंत एकास दहावर आले, १९५० च्या दशकात एकास सातवर. आणि त्यानंतर ते जवळपास तेथेच थांबले. गेल्या चार दशकांत कृष्णवर्णीयांची पुंजी प्रामुख्याने घरात आणि श्वेतवर्णीयांची मोठ्या प्रमाणात शेअर्समध्ये असल्याने, शेअर बाजाराच्या तेजीने दरी पुन्हा रुंदावू लागली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कृष्णवर्णीय बचतच करत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. परंतु मॉरी गिटलमन आणि एडवर्ड वुल्फ यांना २००४ मधील अभ्यासात, समान उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या बचतीच्या दरात वर्णानुसार लक्षणीय फरक आढळला नाही.

येथे प्रतिवादही तितक्याच गांभीर्याने ऐकला पाहिजे. क्लीव्हलँडच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील डायोनिसी अलिप्रँटिस आणि डॅनियल कॅरोल यांनी २०१९ मध्ये असे मांडले की, दरी टिकून राहण्याचे मुख्य कारण आज चालू असलेली उत्पन्नातील तफावत हे आहे. एकदाच मोठी भरपाई देऊन उत्पन्न जसेच्या तसे ठेवले, तर दरी काळाच्या ओघात पुन्हा उघडेल. गुलामगिरीच्या नुकसानभरपाईची जी मागणी टा-नेहिसी कोट्स यांच्या २०१४ च्या लेखानंतर मुख्य प्रवाहात आली, तिला हा नैतिक आक्षेप नाही. तो गणिताचा आक्षेप आहे. त्यामुळेच त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही.

वर्तमानातील भेदभाव

मग उत्पन्नातील तफावत कशामुळे? येथे प्रयोगांनी काही गोष्टी निःसंशय सिद्ध केल्या आहेत. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी बॉस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठवले. अर्ज समान, फक्त नावे वेगळी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात श्वेतवर्णीय वाटणाऱ्या नावांना ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी २००३ मध्ये मिलवॉकी शहरातील प्रयोगात दाखवले की, तुरुंगवास भोगलेल्या श्वेतवर्णीय अर्जदाराला १७ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, तर कोणताही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ टक्के.

मात्र नंतरच्या, कितीतरी मोठ्या प्रयोगाने चित्र अधिक नेमके केले. पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोझ आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी देशातील बड्या कंपन्यांना सुमारे ८३ हजार अर्ज पाठवले. भेदभाव आढळलाच, पण सरासरी फरक सुमारे दोन टक्केबिंदूंचा होता, आणि हुकलेल्या संधींपैकी जवळपास निम्म्या केवळ पाचव्या हिश्शाच्या कंपन्यांमध्ये होत्या. याचा अर्थ भेदभाव खरा आहे, पण सर्वत्र सारखा नाही. संपूर्ण समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापेक्षा त्या कंपन्या हुडकून काढणे, हा अधिक फलदायी मार्ग असू शकतो.

दुसऱ्या बाजूला डेरेक नील आणि विल्यम जॉन्सन यांनी १९९६ मध्ये दाखवले की, किशोरवयातील कौशल्य चाचणीचे गुण विचारात घेतले, तर तरुण पुरुषांच्या वेतनातील फरकाचा मोठा भाग त्यातून स्पष्ट होतो. ‘भेदभाव संपला’ असे म्हणणारे या अभ्यासाचा नेहमी हवाला देतात. पण चाचणीचे गुण आकाशातून पडत नाहीत. अमेरिकेत शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि मालमत्तेचा इतिहास वर पाहिलाच. नोकरी देणारा मालक निर्दोष असला, तरी व्यवस्था निर्दोष ठरत नाही. अर्थतज्ज्ञ ग्लेन लाउरी यांनी १९७७ मध्येच दाखवले होते की, बाजारपेठ पूर्णपणे निःपक्षपाती झाली तरी कुटुंब, शेजार आणि ओळखीपाळखी असमान असल्यास विषमता पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. हेच लाउरी पुढे, कृष्णवर्णीय समाजाने स्वतःची जबाबदारीही ओळखली पाहिजे, असे आग्रहाने सांगू लागले. एकाच विचारवंताला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटू शकतात. भाष्यकारांना मात्र त्यातली एकच निवडावी लागते.

बापाची श्रीमंती आणि वस्तीतले बाप

राज चेट्टी यांच्या गटाने २०१८ मध्ये सुमारे दोन कोटी मुलांच्या नोंदी तपासून जो निष्कर्ष काढला, त्याने दोन्ही बाजूंच्या सोप्या उत्तरांना तडा गेला. समान उत्पन्नाच्या, एकाच वस्तीत वाढलेल्या कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुलग्यांच्या पुढील कमाईत देशातील जवळपास सर्व वस्त्यांत फरक आढळला. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचे तुरुंगात जाण्याचे प्रमाण, वर्षाला ३६ हजार डॉलर कमावणाऱ्या घरांतील श्वेतवर्णीय मुलग्यांइतके होते. ‘प्रश्न वर्णाचा नसून वर्गाचा आहे’ हे विधान यापुढे टिकत नाही. परंतु मुलींमध्ये हा फरक जवळपास नाहीसा झाला. एकाच घरातील, एकाच शाळेतील बहिणी पुढे जातात आणि भाऊ मागे पडतात, तेव्हा आनुवंशिक बुद्धिमत्तेचे स्पष्टीकरण उभेच राहू शकत नाही. आणि केवळ घरातील संस्कारांचेही नाही.

मुलग्यांमधील फरक कमी असलेल्या वस्त्याही सापडल्या. त्यांची वैशिष्ट्ये दोन : दारिद्र्य आणि श्वेतवर्णीयांमधील पूर्वग्रह कमी, तसेच वस्तीत कृष्णवर्णीय वडिलांचे अस्तित्व अधिक. स्वतःच्या घरात वडील आहेत की नाहीत, यापेक्षा वस्तीत आहेत की नाहीत हे महत्त्वाचे ठरले. अशा वस्त्यांत पाच टक्क्यांहून कमी कृष्णवर्णीय मुले वाढतात. म्हणजे वडिलांचा मुद्दा मांडणाऱ्यांना अर्धे उत्तर मिळाले, आणि पूर्वग्रहाचा मुद्दा मांडणाऱ्यांना उरलेले अर्धे. वडील नसण्यालाही कायद्याचा हातभार होता. १९८६ च्या कायद्याने गरीब वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या क्रॅक कोकेनला, पावडर कोकेनच्या तुलनेत वजनामागे शंभरपट कडक निकष लावला. तो २०१० मध्ये अठरापटींवर आणला गेला. पॅट्रिक बायर आणि केर्विन चार्ल्स यांनी २०१८ मध्ये, काम नसलेल्या व तुरुंगातील पुरुषांनाही हिशेबात धरून, मध्यक कृष्णवर्णीय पुरुषाच्या कमाईतील तफावत जवळपास १९५० इतकीच असल्याचे दाखवले.

चेट्टी यांच्या गटाचा २०२४ चा अभ्यास मात्र आशा देतो. १९७८ ते १९९२ या काळात जन्मलेल्या, गरीब घरांतील मुलांमध्ये कृष्णवर्णीय-श्वेतवर्णीय दरी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. त्याच काळात श्वेतवर्णीयांमधील गरीब-श्रीमंत दरी वाढली. दोन्हींचा दुवा एकच : आसपासच्या पालकांना काम आहे की नाही. विल्सन यांनी शिकागोत जे पाहिले होते, त्याला देशव्यापी आकड्यांनी दुजोरा दिला.

भारतीयांचे सोयीस्कर उदाहरण

या वादात भारतीयांना साक्षीदार म्हणून वारंवार उभे केले जाते. भारतीय वंशाच्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न अमेरिकेत दीड लाख डॉलरच्या आसपास आहे. वर्ण गोरा नसूनही भारतीय पुढे गेले, मग इतरांना काय अडचण, असा युक्तिवाद होतो. आणि तेथील मराठी घरांतही तो अपरिचित नाही. त्यात निवडीचा भाग विसरला जातो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते. दार उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीने घडवलेल्या वातावरणातच संमत झाला. त्या दारातून आले ते प्रामुख्याने अभियंते, डॉक्टर आणि संशोधक. अमेरिकेतील प्रौढ भारतीयांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पदवीधर आहेत. भारतात हे प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. चाळणीतून निवडलेल्या समाजाची तुलना, साखळदंडांत आणलेल्यांच्या वंशजांशी करणे न्याय्य नाही. थॉमस सोवेल यांनी कॅरिबियन बेटांतून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या यशाकडे लक्ष वेधले, तो मुद्दा दखल घेण्याजोगा आहे. पण स्थलांतरितांच्या निवडीचा आक्षेप त्यालाही लागू पडतो.

महाराष्ट्राचे या प्रश्नाशी नाते याहून जुने आणि अधिक खोल आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, कृष्णवर्णीयांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावही तेथील ब्लॅक पँथरवरून घेतले. आणि २००७ मध्ये सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी अमेरिकेतील नावांच्या प्रयोगाच्या धर्तीवर भारतातील खासगी कंपन्यांना अर्ज पाठवले, तेव्हा समान पात्रता असूनही दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. अमेरिकेतील ‘संस्कृती की भेदभाव’ आणि येथील ‘गुणवत्ता की जात’ या वादांचा साचा एकच आहे. फरक इतकाच की, तिकडे कर, उत्पन्न आणि जनगणनेच्या नोंदी अभ्यासकांना उपलब्ध झाल्या आणि त्यामुळे वादातील काही प्रश्न तरी निकाली निघू शकले.

कारण आणि दोष

कारण शोधणे आणि दोष ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. जाहीर चर्चेत ती एकत्र होतात, तेथेच वाद अडतो. कुटुंबाचा उल्लेख होताच समाजावर आरोप झाल्याचे मानले जाते. भेदभावाचा उल्लेख होताच प्रत्येक श्वेतवर्णीयावर. पुरावा मात्र वेगळे सांगतो. संपत्तीची दरी मुख्यतः इतिहासाने घडवली आणि आजची उत्पन्नातील तफावत ती टिकवून ठेवते. उत्पन्नातील तफावत शाळा, वस्ती, काम, कायदा आणि पूर्वग्रह यांच्या एकत्रित परिणामातून येते, आणि तिचा सर्वाधिक भार मुलग्यांवर पडतो.

प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. भरतीतील पूर्वग्रहासाठी तपासणी आणि दंड, वस्त्यांसाठी रोजगार, शाळांसाठी निधीची नवी वाटणी, हिरावलेल्या घरांसाठी भरपाई. इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन या छोट्या शहराने २०२१ मध्ये गृहनिर्माणातील जुन्या भेदभावाची झळ बसलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना घरासाठी प्रत्येकी २५ हजार डॉलर देण्याची योजना मंजूर केली. रक्कम लहान आहे, पण नुकसान कोणते आणि भरपाई कशाची, याचा संबंध तेथे स्पष्ट आहे. २०२३ आणि २०२५ च्या निर्णयांनी जुनी साधने काढून घेतली. त्यांच्या जागी काय आणायचे, याचे उत्तर कारणांच्या प्रामाणिक तपासणीतूनच मिळू शकते. ती तपासणी ‘सगळा दोष त्यांचा’ किंवा ‘सगळा दोष यांचा’ या निष्कर्षापासून सुरू झाली, तर एकास सहाचा आकडा पुढच्या पिढीच्या पाहणीतही जवळपास तसाच सापडेल.